थांबायचं कुणी ठरवायचं?

जानेवारीत वाशीच्या किंवा पुण्याच्या फळबाजारात येणारं काश्मिरी सफरचंद झाडावरून नुकतं उतरवलेलं नसतं. पुलवामा जिल्ह्यातल्या लासीपोराच्या शीतगोदामांसारख्या ठिकाणांहून ते हिवाळाभर थोडं थोडं निघतं आणि दोन हजार किलोमीटरांहून लांबच्या वाटेला लागतं. या वाटेचा पहिला टप्पा बर्फाचा, दुसरा धुक्याचा. आपल्याकडच्याही काही गाड्या या वाटेवर असतात. जाताना डाळिंब नाहीतर द्राक्षं, येताना सफरचंद. पावसात आणि घाटात मुरलेला पण बर्फ कधी न पाहिलेला माणूस ती गाडी चालवत असतो.

हा वाद मामा-भाच्याचा आहे. मामा लष्कराच्या एएससीमधून, म्हणजे रसद आणि वाहतूक सांभाळणाऱ्या दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यातले. कारगिल आणि लेहच्या रस्त्यावर त्यांनी लष्करी ट्रकांचे ताफे नेले. भाचा चार ट्रकांचा मालक. स्वतः स्टिअरिंग धरून वर आलेला आहे, त्यामुळे त्याला गप्प करणं सोपं नाही. डिसेंबर उजाडला की दोघांची जुंपते. मी ते अनेकदा ऐकलं आहे, आणि हसण्यावारी नेण्यासारखं ते मला कधीच वाटलं नाही.

भाचा: मामा, बर्फाचं भय दाखवू नका. माझे ड्रायव्हर खंबाटकी, कसारा, बोरघाट सगळं उतरलेत, भर पावसात, भरल्या गाडीनं. ज्याला घाट कळतो त्याला काश्मीरचं काझीगुंडही कळेल.

मामा: घाट कळतो म्हणूनच मला काळजी वाटते. आपल्या घाटात उतरताना तो काय करतो? खालचा गिअर टाकतो, एग्झॉस्ट ब्रेक लावतो, ब्रेकवरचा पाय कमी करतो. बरोबर आहे, लायनर तापत नाहीत. आता तोच एग्झॉस्ट ब्रेक बर्फावर लाव. इंजिनाचा सगळा अडसर फक्त मागच्या चाकांवर येतो. पुढची मोकळी फिरतात, मागची घसरतात आणि हौदा पुढं यायला बघतो. एकदा गाडी आडवी व्हायला लागली की मग स्टिअरिंग कितीही फिरव. खालचा गिअर हवाच, पण तो उतार लागायच्या आधी, सपाटीला टाकायचा. उतारावर गिअर बदलून क्लच झटक्यानं सोडला तरी तोच प्रकार. ज्या सवयीनं त्याला इतकी वर्षं वाचवलं, तीच तिथं उलटते. आणि हे त्याला कळतं कधी, तर गाडी सुटल्यावर.

भाचा: आताच्या गाड्यांना एबीएस असतो.

मामा: एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणून स्टिअरिंग हातात राहतं. पण पकड कुठून आणणार? कोरड्या डांबरावर ताशी 40 नं चाललेली गाडी ब्रेक लागल्यावर दहा-बारा मीटरांत उभी राहते. गोठलेल्या रस्त्यावर तीच गाडी 60 मीटर जाते. वेग 20 वर आणलास की ते अंतर 15-16 मीटरांवर येतं. वेग निम्मा केला की अंतर पाव होतं, एवढाच हिशोब बर्फात ड्रायव्हरच्या हातात आहे. आणि गाडी रिकामी असली तर आणखी जपायचं. मागच्या चाकांवर वजन नाही म्हणजे ती रस्ता धरत नाहीत.

भाचा: बर्फ दिसला की वेग कमी होतोच की. कुणाला जीव नकोसा झालाय?

मामा: दिसला तर ना! वाईट बर्फ पांढरा नसतोच. दुपारी उन्हानं कडेचा बर्फ वितळतो आणि पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं. चारनंतर डोंगराची सावली पडली की ते गोठतं. हेडलाइटमध्ये तो रस्ता नुसता ओला दिसतो. पुढच्या गाडीच्या चाकांतून उडणारं पाणी एकदम बंद झालं आणि स्टिअरिंग हाताला हलकं लागलं, तर समजायचं की खाली पाणी नाही, बर्फ आहे. पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. बोगद्याचं तोंडही तसंच. बनिहाल–काझीगुंडचा बोगदा साडेआठ किलोमीटरचा. आत रस्ता कोरडा, पोरगं वेग धरतं आणि त्याच वेगात बाहेर पडतं.

भाचा: माझ्या वरच्या दोन्ही गाड्यांत चेन दिल्यात मी.

मामा: टूलबॉक्समध्ये. कंपनीची सुतळीसुद्धा सोडलेली नाही.

हे खरं होतं. त्याच संध्याकाळी मामांनी गाडीतळावर त्या साखळ्या बाहेर काढायला लावल्या. ताडपत्रीवर पसरून आधी त्यांचा पीळ काढला. आकड्यांची टोकदार बाजू टायरकडे येणार नाही अशी साखळी उलटसुलट करून बघितली. मग मागच्या जोडचाकावर ती वरून टाकली, हात आत घालून आतला आकडा चाचपून अडकवला, बाहेरचा ओढून बसवला आणि ड्रायव्हरला गाडी चार हात पुढं घ्यायला सांगितली. साखळी लगेच सैल पडली. पुन्हा ओढली. ‘वर असंच थोडं अंतर चालवायचं, उतरायचं, परत ताणायचं. तीसच्या वर जायचं नाही. कोरडा रस्ता लागला की काढायची, नाहीतर तुटते आणि टायर फाडते.’ ड्रायव्हरनं दुसऱ्या बाजूची साखळी स्वतः लावली. अंगात स्वेटरही नव्हता, बोटं मोकळी होती, उजेड होता, जमीन सपाट होती. तरी त्याचा चांगलाच वेळ गेला. उणे तापमानात, अंधारात, उतारावर हेच काम पहिल्यांदा करायचं म्हटलं तर काय होईल, हे मामांना वेगळं सांगावं लागलं नाही.

भाचा मात्र नमला नव्हता.

भाचा: चेन शिकवलीत, उपकार झाले. पण बाकी मशीनचं मला सांगू नका. थंडीत डिझेलमधलं मेण सुटतं आणि फिल्टर चोंदतो, म्हणून आमची पोरं इकडच्या डिझेलवर वर जात नाहीत, जम्मूच्या पुढं तिकडचंच भरतात. धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी काठोकाठ भरत नाहीत. तो उणे 11 ला गोठतो आणि फुगतो. हवेच्या टाक्यांतलं पाणी रोज संध्याकाळी सोडतात, नाहीतर सकाळी व्हॉल्व्ह गोठलेला आणि ब्रेकला हवा नाही. लायनर ओले असले तर रात्री हँडब्रेकवर भिस्त ठेवत नाहीत, सपाट जागा बघून चाकाला ठोकळे लावतात, कारण लायनर ड्रमला चिकटतात. हे सगळं येतं आम्हाला. आणि मामा, काळही बदललाय. तुम्ही लोक डिझेलच्या टाकीखाली जाळ करत होता. 2019 मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे 33 पर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. झोजी ला खिंड पूर्वी चार-पाच महिने बंद असायची, 2025 मध्ये 32 दिवसांत उघडली. जागोजागी बोगदे झालेत. तुम्ही अजून जुन्याच हिवाळ्यात आहात.

मामा: सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या बीआरओच्या माणसांनी जे केलं त्याला माझा सलाम आहे. मी त्यांना डोळ्यांनी बर्फ उपसताना बघितलंय. पण तू एक ध्यानात घे. रस्ता लवकर उघडला म्हणजे हिवाळा लवकर संपला असं नाही. पूर्वी खिंड बंद, म्हणून माणूस घरी. आमचा हिवाळ्याचा शिधा उन्हाळ्यातच वर नेऊन रचायचो, कारण पुढं गाडी जाणार नाही हे ठरलेलं असायचं. आता खिंड उघडी, म्हणून माणूस बर्फात. आधी बंदी निसर्गच घालायचा. आता ती कुणीतरी स्वतःच्या डोक्यानं घालायला पाहिजे.

या मुद्द्यावर माझं मामांशी पूर्ण एकमत आहे. नवा बोगदा, रुंद रस्ता, चांगलं डिझेल यांनी हिवाळ्यातला प्रवास शक्य केला. एकदा शक्य झाला की बाजार तो गृहीत धरतो. जानेवारीतल्या सफरचंदाचा भाव ठरवताना गाडी दोन दिवस काझीगुंडला अडकेल, ही शक्यता कुणी धरत नाही.

पण भाच्याकडे याहून जड उत्तर होतं.

भाचा: ‘रस्ता बरा नसेल तर थांब.’ तुमचं हे वाक्य डोंगरात ठीक आहे. तिथं पोलीसच थांबवतात. जड गाड्या एका दिवशी एकाच दिशेनं सोडतात. आज उधमपूरकडून वर, उद्या काझीगुंडकडून खाली. रामबनला दरड आली तर सगळेच उभे. माझा माणूस डोंगरात मरायचा नाही मामा, तो मेला तर पठाणकोट उतरल्यावर मरेल. पंजाब, हरियाणा, दिल्ली, तिथून पुढं आग्र्यापर्यंत. डिसेंबर-जानेवारीत रात्री वारा पडतो, गव्हाच्या ओल्या शेतांवर धुकं बसतं, ते सकाळी नऊ-दहापर्यंत उठत नाही. हवामान खातं 50 मीटरांच्या आत दिसेनासं झालं की अतिदाट म्हणतं. भरल्या गाडीला 60 च्या वेगात, पाय ब्रेकवर जाईपर्यंतच पंचवीस मीटर जातात. उरलेल्या पंचविसात ती थांबत नाही. आता सांगा, थांबायचं कुठं? कडेला थांबला की मागचा येऊन आदळतो. धुक्यात चालणारा जेवढा मरतो तेवढाच उभा राहिलेलाही मरतो. तुमची ‘थांब’ची ऑर्डर तिथं माणूस मारेल.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. हे बोलणं मलाही महत्त्वाचं वाटतं. सुरक्षिततेच्या गप्पांत ‘गाडी बाजूला घ्या’ हे आपण फार सहज म्हणतो. महामार्गाची कडा ही थांबायची जागा नाही. गाडी बंद पडली की मागं दगड मांडायचे, झाडाची फांदी टाकायची आणि निघताना ते दगड तिथंच सोडून जायचे, ही आपल्या देशभरची रीत धुक्यात दुसऱ्या कुणाचा तरी घात करते.

मामा: मग कडेला थांबूच नको. धुकं दहाच्या सुमाराला पडायला लागलं तर आठलाच पंपावर नाहीतर धाब्यावर गाडी आत घे. रस्त्यावरून पूर्ण खाली. थांबायची जागा धुक्यात शोधायची नसते, दिवसा शोधून ठेवायची असते. आमच्या कॉन्व्हॉयला निघतानाच माहीत असायचं की रात्री कुठं मुक्काम आणि तिथवर पोचलो नाही तर त्याच्या अलीकडचा कुठला. अमुक वाजता टीसीपी, म्हणजे वाहतूक चौकी, ओलांडली नाही तर पुढं सोडतच नसत. तुझी पोरं रात्रीच चालवतात, कारण रात्री रस्ता मोकळा. हिवाळ्यात ते उलटं कर. दहा ते सात चालव.

भाचा: आणि मधेच सापडला तर?

मामा: तर रांगेत पुढच्याच्या लाल दिव्याला चिकटून जायचं नाही. तो खड्ड्यात गेला की तू पण जाशील. हेडलाइट खाली, वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येतो. पिवळे दिवे लाव. गाणी बंद, काच थोडी खाली. धुक्यात कान आधी सांगतात. वेग इतका की जेवढं दिसतं त्याच्या निम्म्यात गाडी उभी राहील. आणि पहिली जागा दिसली की आत. मागच्या फाळक्यावर रेडियमची पट्टी चिखलानं माखलेली नको. तुझ्या एका गाडीची मी परवा बोटानं पुसली, तेव्हा कुठं खालून लाल रंग दिसला.

भाचा: ते बरोबर आहे. पण मामा, दहा ते सात चालवलं तर वाशीला पोचायला दीड-दोन दिवस जास्त. तुमच्या कॉन्व्हॉयचं तुम्ही बोलता. तुमची गाडी चारही चाकांनी ओढणारी. मागं रिकव्हरीची गाडी, तिच्यात फिटर. पुढं साहेब, थांबा म्हणाले की पन्नास गाड्या थांबल्या. कुणाला विचारायचं नाही, कुणाला फोन करायचा नाही. आणि महिन्याचा पगार चालू. माझा माणूस एकटा. त्याला फेरीवर पैसे. तीन दिवस काझीगुंडला अडकला तर खर्चीतलं जेवणावर उडतं, घरी पाठवायला उरत नाही. वाशीला उशीर झाला की व्यापारी भाड्यातून कापतो, आणि पेट्या गोठून मऊ पडल्या तर तेही आमच्यावर. आता तर रेल्वे आली. 2025 च्या सप्टेंबरपासून बडगामहून दिल्लीच्या आदर्शनगरला सफरचंदाची पार्सल गाडी सुटायला लागली. मी दोन दिवस उशीर करतो म्हटलं तर मला माल कोण देणार?

मला वाटतं, खरा वाद इथं सुरू होतो. आधीचं सगळं, साखळ्या, गिअर, दिवे, शिकता येतं आणि शिकवता येतं. पण लष्करी ड्रायव्हर आणि भाच्याचा ड्रायव्हर यांच्यातला खरा फरक कौशल्याचा नाही. एकाला थांबायचा हुकूम होता, दुसऱ्याला थांबल्याबद्दल दंड आहे. रात्री अकरा वाजता, एकट्यानं, घरच्या हप्त्याचा विचार डोक्यात असताना, जो निर्णय सगळ्यात महाग पडणार आहे तोच निर्णय आपण त्या केबिनमधल्या माणसावर सोडतो. आणि अपघात झाला की ‘चालकाचं नियंत्रण सुटलं’ असं छापतो. दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानंच लिहून ठेवलं. ते पाळायचं तर गाडी किती दिवसांत पोचेल, हा हिशोब भाडं ठरवतानाच व्हायला हवा. तो होत नाही, तोवर ड्रायव्हरला उपदेश करण्याचा हक्क आपल्याला थोडाच आहे.

मामांनी हे माझ्यापेक्षा सरळ विचारलं.

मामा: मला एक सांग. तू ड्रायव्हरला दिवसाला किती फोन करतोस?

भाचा: तीन-चार. जीपीएसवर गाडी उभी दिसली की करतो.

मामा: काय विचारतोस?

भाचा: कुठं आहेस, का उभा आहेस.

मामा: ‘का उभा आहेस’ असं विचारल्यावर तो काय करतो?

भाचा: निघतो.

मामा: तुझ्या जीपीएसनं त्याला धुक्यात ढकललं मग. उभी गाडी दिसली की तुला बरं वाटायला पाहिजे.

भाचा: व्यापारी मला विचारतो, म्हणून मी त्याला विचारतो.

मामा: अरे, मग मधे तू कशाला आहेस? वरचा दाब खाली जसाच्या तसा पोचवायचा असेल तर मालकाची गरज काय? आमचा साहेब वरून शिव्या खायचा, पण आम्हाला सांगायचा, ‘खिंड साफ झाल्यावर निघू.’ त्याचं काम तेच होतं.

भाचा: साहेबाच्या खिशातून काही जात नव्हतं मामा.

मामा: नव्हतं. तुझ्या जातं, हे मान्य. पण गाडी दरीत गेली तर कुणाच्या खिशातून जातं? विमा गाडीचा मिळेल.

भाचा: तुम्हाला वाटतं मला झोप लागते? आठवडाभर बर्फ आहे असं कळलं की मी रात्री दोनला उठून गाडी बघतो. जीव अडकलेला असतो. म्हणून तर फोन करतो.

हे तो मनापासून बोलत होता, मामांनाही ते कळलं. त्यांचा आवाज खाली आला.

मामा: मग काळजी फोननं करू नकोस, पैशानं कर. डिसेंबर ते फेब्रुवारी जादा खर्ची दे, थांबलेल्या दिवसाची वेगळी. लवकर पोचल्याचं बक्षीस या तीन महिन्यांत बंद. पश्चिमी झंझावात येणार हे हवामान खातं तीन-चार दिवस आधी सांगतं. माल भरायच्या आधी बघ, भरल्यावर नको. आणि क्लीनरला सांग, वर थांबल्यावर केबिन बंद करून आत शेगडी पेटवायची नाही. कोळशाच्या त्या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठत नाही. बर्फात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, सायलेन्सर बर्फानं बुजला तर धूर आत येतो. जाड रजया दे दोन. स्वस्त पडतात.

भाचा: रजया देतो. जादा खर्चीही देतो, चार गाड्यांचं मला झेपेल. बक्षीस बंद करतो. फोनचं... ठीक आहे, रात्री नऊ ते सकाळी नऊ मी लावणार नाही. उभा असला तर उभा. पण भाड्यातून कापणं मी एकटा थांबवू शकत नाही. मी बिल्टीवर दोन दिवस जास्त लिहा म्हटलं की व्यापारी शेजारच्या गाडीवाल्याला माल देतो, आणि तो त्याच्या ड्रायव्हरला रात्रीचा पळवतो. माझा माणूस वाचला, त्याचा मेला. याला काय करू?

मामा: तालुक्यातून वर किती गाड्या जातात?

भाचा: असतील पंधरा-वीस.

मामा: सगळे एकमेकांना ओळखता?

भाचा: ओळखतो. एकमेकांचा माल पळवतो, म्हणजे ओळखायलाच लागतं.

मामा: मग त्यांना बोलव. दोन दिवसांची सवड सगळ्यांनी मागितली तर व्यापारी कुणाकडं जाणार?

भाचा: निम्मे येणार नाहीत.

मामा: निम्म्यांचं बघू. ज्यांचे ड्रायव्हर मागच्या हिवाळ्यात अडकले होते त्यांना आधी फोन लाव. त्यांच्या बायकांनाही बोलव. कोण किती रात्री जागलं ते त्या सांगतील.

भाच्यानं हो म्हटलं नाही. मोबाइल काढून त्यानं नावं बघायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच नावाशी थांबून म्हणाला, ‘हा नाही ऐकायचा.’ मामा म्हणाले, ‘त्यालाच आधी लाव.’